सूत्र आहे, भाष्य नाही
संगणकाच्या आज्ञांची माहितीपुस्तिका आणि मराठी वाक्य

पंधराएक वर्षांपूर्वी कोपरखैरण्याच्या माझ्या घरी एका रात्री मी एकच ओळ टंकली आणि सत्तेचाळीस धवले गमावले.

धवले ही आगरी-कोळी लग्नांतली विधिगीते. ती म्हणणारी धवलारीण त्या लग्नात पुरोहिताच्याच जागी असते. नवी मुंबई वसण्याआधीपासून इथे असलेल्या गावांपैकी एका गावातली एक वृद्ध धवलारीण मला दोन वर्षे धवले सांगत होती. आवाज मुद्रित करायला तिची तयारी नव्हती. ती सांगायची, मी वहीत उतरवायचो आणि घरी येऊन संगणकावर टंकायचो. एकदा टंकून झाले की वहीचे महत्त्व संपले, असे मला तेव्हा वाटे. घर बदलताना त्या वह्या रद्दीत गेल्या.

संगणक दुसऱ्याने वापरून टाकलेला होता. त्यावर एका मित्राने लिनक्स ही मोफत प्रणाली चढवून दिली होती आणि सोबत वाशीच्या एका संगणकवर्गाची मराठी पुस्तिका दिली होती. त्या रात्री मला ‘धवले’ आणि ‘उखाणे’ या दोन फाइलींचे एक गाठोडे बांधून पेनड्राइव्हवर ठेवायचे होते. पुस्तिकेत ‘टार’ या आज्ञेपुढे एवढेच लिहिले होते की ती फाइलींचे एकत्रीकरण करते, आणि वापर असा : आज्ञा, पर्याय, फाइलनाव. मी तसेच केले. ‘टार’, मग ‘सीएफ’ ही पर्यायांची दोन अक्षरे, मग ‘धवले’, मग ‘उखाणे’. एन्टर दाबले. संगणक काही बोलला नाही. या जगात यंत्राने काही न बोलणे म्हणजे काम झाले असे समजायचे असते.

काम झालेही होते. ‘एफ’ या अक्षराच्या लगेच पुढे येणारे नाव बांधायच्या फाइलीचे नसते, तयार होणाऱ्या गाठोड्याचे असते. म्हणून संगणकाने ‘धवले’ नावाचे गाठोडे तयार केले, त्यात ‘उखाणे’ ठेवले आणि त्या नावाची जी जुनी फाइल होती तिच्या जागी हे गाठोडे आणून बसवले. ‘आधीची फाइल जाईल, चालेल का?’ असे विचारण्याची त्या आज्ञेची रीत नाही. धवलारीण त्याआधीच्या चैत्रात वारली होती. कागदावर छापून काढलेले अकरा धवले कपाटात सापडले. छत्तीस गेले.

चूक माझी होती. दुसरी प्रत न ठेवणाऱ्याने यंत्राला बोल लावू नये. पण त्या पुस्तिकेतले वाक्य मी नंतर कितीतरी वेळा वाचले. त्यात खोटे काही नव्हते, शुद्धलेखनही बरे होते. मग त्या वाक्यात नेमके काय नव्हते? गेली काही वर्षे मी फावल्या वेळात अशा माहितीपुस्तिका, इंग्रजी आणि मराठी, एखादी पोथी वाचावी तशा वाचत आलो आहे. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो. (संगणकाला या आज्ञा रोमन अक्षरांतच द्याव्या लागतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.)

१९७१ची पुस्तिका

या लेखनप्रकाराला जन्मतारीख आहे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घालून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती काढली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद आणि प्रत्येक नोंदीत ठरलेले मथळे : नाव, वापराचे सूत्र, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, दोष. आज लिनक्सवर किंवा अॅपलच्या संगणकावर ‘मॅन’ असे टंकून पुढे आज्ञेचे नाव दिले की जे पान उघडते, त्याचा सांगाडा बराचसा तोच आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकलेला असा साचा तांत्रिक लेखनात विरळाच.

त्यातल्या ‘दोष’ या मथळ्याचे मला कौतुक वाटते. आपण केलेल्या वस्तूत काय उणे आहे हे करणाऱ्यानेच त्या वस्तूच्या माहितीपत्रकात लिहायचे! मिक्सरपासून विमा पॉलिसीपर्यंत आपल्या घरात येणाऱ्या किती माहितीपत्रकांत असा मथळा असतो, हे वाचकांनी आठवून पाहावे.

अडचण आहे ती वापराच्या सूत्रात. तिथे चौकटी कंसात जे येते ते दिले नाही तरी चालते. तीन टिंबे असतील तर आधीची गोष्ट कितीही वेळा देता येते. हे संकेत कुठे सांगितलेले असतात? ‘मॅन’ या आज्ञेच्या स्वतःच्या पानावर. म्हणजे पान कसे वाचायचे हे कळण्यासाठी आधी एक पान वाचता यायला हवे.

हे सारे आपल्याला अनोळखी वाटायचे कारण नाही. संगणकाच्या भाषांचे व्याकरण थोडक्यात मांडण्याची एक चिन्हपद्धती जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा काळ १९५९-६०चा. चौकटी कंसांचे हे सूत्र त्याच कुळातले. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका प्रसिद्ध नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की अशीच पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती, तेव्हा या पद्धतीच्या नावात पाणिनीचेही नाव यावे. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि तिथेच थांबते. मला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सूत्र लिहिण्यात आपण पहिले असू, तर सूत्र समजावून देण्याबद्दल आपण काय म्हणून ठेवले आहे?

पतंजलीच्या तीन कसोट्या

संस्कृत मला येत नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचे मराठी भाषांतर केले, त्याच्या आधाराने मी पहिले पस्पशाह्निक अडखळत वाचले. तिथे पतंजली एक प्रश्न उभा करतो : सूत्राचे व्याख्यान म्हणजे काय? सूत्रातली पदे नुसती सुटी करून दाखवली म्हणजे व्याख्यान झाले का? त्याचे उत्तर असे की तेवढ्याने होत नाही. उदाहरण हवे, प्रत्युदाहरण हवे, आणि सूत्रात न उच्चारलेले पण वाक्य पुरे व्हायला लागणारे शब्द भरून द्यायला हवेत. या तिसऱ्याला तो वाक्याध्याहार म्हणतो. तिन्ही मिळून व्याख्यान.

मी हे वाचले आणि वाशीची ती पुस्तिका आठवली. ‘आज्ञा, पर्याय, फाइलनाव’ हे पदे सुटी करणे होते. बाकीचे तिन्ही नव्हते.

या कसोट्या लावून मॅनची पाने वाचली की त्यांचा बरावाईटपणा नेमका सांगता येतो. वाक्याध्याहारापासून सुरुवात करू. फाइलीची प्रत काढणाऱ्या ‘सीपी’ या आज्ञेचा ‘ए’ असा एक पर्याय आहे. लिनक्सवर नेहमी असणाऱ्या ग्नू आवृत्तीच्या पानावर त्याचा अर्थ असा दिला जातो की तो अमुक दोन अक्षरे आणि अमुक एक लांब पर्याय एकत्र दिल्यासारखा आहे. म्हणजे एक ओळ समजण्यासाठी आणखी तीन नोंदी शोधायच्या. पाणिनीच्या सूत्रातही आधीच्या सूत्रातले शब्द मनाने पुढे आणावे लागतात. पण तिथे हे शब्द पुरवणारी वृत्ती आणि भाष्ये मागून आली. इथे वाचक एकटाच. पुन्हा एकच अक्षर आज्ञा बदलली की अर्थ बदलते. ‘आरएम’ला लहान लिपीतला ‘आर’ दिला तर फोल्डर आतल्या सगळ्यासकट जाते. ‘सॉर्ट’ला तोच ‘आर’ दिला तर यादी उलट्या क्रमाने लागते. एकाला तो सर्वनाश, दुसऱ्याला नुसती उलटी मोजणी.

उदाहरणांचा अभाव अनेकांना जाणवला. त्यातून २०१३मध्ये ‘टीएलडीआर’ नावाचा एक सामूहिक प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पानांवर प्रत्येक आज्ञेची मोजकी, रोज लागणारी उदाहरणे असतात, प्रत्येकावर एका ओळीचे स्पष्टीकरण आणि आपण आपले नाव कुठे घालायचे ती जागा महिरपी कंसांत दाखवलेली. नवख्यासाठी ही पाने उपकारक आहेत. पण त्यांचा भर उदाहरणावर आहे, प्रत्युदाहरणावर नाही. उदाहरण काय करावे ते सांगते. नियम कुठे थांबतो, कुठे घसरतो, हे प्रत्युदाहरण सांगते.

ते का लागते याचा एक नमुना. ‘यादी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली काढायच्या तर ‘आरएम’ लिहून पुढे ‘यादी’ आणि तिला चिकटून तारका द्यायची. ‘यादी’ आणि तारका यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा पडली की अर्थ होतो : ‘यादी’ काढ, आणि शिवाय या फोल्डरातल्या सगळ्या फाइली काढ. एका मोकळ्या जागेचा हा फरक कोणत्याही उदाहरणात दिसत नाही. दुसरा नमुना ‘आरसिंक’चा. ज्या फोल्डराची प्रत काढायची त्याच्या नावाशेवटी तिरकी रेघ नसेल तर फोल्डरच नेले जाते. रेघ असेल तर फक्त आतला माल नेला जातो. भाजीची पिशवी ने म्हणणे आणि पिशवीतली भाजी ने म्हणणे यांत जो फरक, तोच. मंडईत हा घोटाळा होत नाही, कारण मराठी वाक्यात ‘पिशवीतली’ असे म्हणावेच लागते.

शब्दांचा शोध, वाक्याचा विसर

इथून मी मराठीकडे येतो. संगणक मराठीत आणण्यासाठी झालेले काम लहान नाही. १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी पायाभूत काम केले; १९९१मध्ये लिप्यांच्या संकेतनाचे राष्ट्रीय मानक आले; त्या संस्थेचे एक केंद्र आज आमच्या खारघरला आहे. लिनक्सचे मेनू, खिडक्या आणि बटणे मराठीत आणणारे स्वयंसेवकही झाले, त्यांतल्या अनेकांची नावे कुठे ठळकपणे छापलेली नाहीत. मी जे पुढे म्हणणार आहे ते या कामाला कमी लेखण्यासाठी नाही.

म्हणणे असे की आपण शब्द शोधले, वाक्ये शोधली नाहीत. ही आपली जुनी सवय आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, १९६०मध्ये राज्याचे भाषा संचालनालय आले, परिभाषाकोश निघाले. कोश हवेतच. पण कोश एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवून थांबतो, आणि थांबण्याचा त्याला अधिकार आहे. माहितीपुस्तिकेला तो अधिकार नाही. तिला वाक्य पुरे करावे लागते.

वाक्य पुरे न करता नुसते शब्द बदलले की काय होते, ते मराठी पुस्तिकांत पाहायला मिळते. आज्ञेला दिल्या जाणाऱ्या नावांना इंग्रजीत ‘आर्ग्युमेंट’ म्हणतात. एका पुस्तिकेत मी वाचले की अमुक आज्ञेला दोन युक्तिवाद लागतात. जणू संगणक न्यायालयात बसला आहे. ‘डिफॉल्ट’ला कायद्याच्या मराठीत ‘कसूर’ हा रुळलेला शब्द. संगणकाच्या मराठीत ‘पूर्वनिर्धारित’. दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘काही न सांगितल्यास’ असे लिहिले तर शाळकरी मुलालाही कळते, कारण तो शब्द नाही, वाक्याचा तुकडा आहे. तो पुढे काय होते ते सांगायला लावतो.

याहून खोल घोटाळा ‘करा’चा. इंग्रजी पानावर ‘रिमूव्ह’ असे क्रियापद सुटे उभे असते. ते कोणी कोणाला म्हटले? आज्ञा काय करते त्याचे ते वर्णन आहे, की वाचकाला सूचना? इंग्रजीत हे अंधारात राहू शकते. मराठीत नाही. पडद्यावरच्या बटणावर आपण लिहितो ‘जतन करा’. ते वापरणाऱ्याने यंत्राला सांगायचे असते. पुस्तिकेत लिहितो ‘नाव बदला, मग जतन करा’. ते पुस्तिकेने वापरणाऱ्याला सांगायचे असते. आणि आज्ञेच्या वर्णनातही लिहितो ‘फाइल काढून टाका’. इथे वाचकाने काही काढायचे नसते, आज्ञा काढणार असते. तीन वेगळे बोलणारे, तीन वेगळे ऐकणारे, क्रियापद एकच.

मराठीकडे यावर जुना उपाय आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१०मधले, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७०मधले. तांत्रिक माहितीपुस्तिका मराठीत चांगली होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्याने आधी ‘रुचिरा’ पाहावे. वाटी आणि चमचा या घरातल्या मापांवर किती जणी आणि किती जण परक्या गावात जेवणखाण करायला शिकले! पाककृतीच्या मराठीत माणसाने करायचे ते ‘परतावे’, ‘घालावे’ असे येते. पदार्थाचे आपोआप होते ते ‘सुटते’, ‘फुलते’ असे येते. कोण करतो आणि काय होते, यांची सरमिसळ होत नाही. आज्ञांच्या पुस्तिकेतही हाच नेम पाळता येईल : वापरणाऱ्याने ‘लिहावे’, आज्ञा ‘काढते’, आणि ‘करा’ फक्त बटणापुरते.

प्रत्ययांची साक्ष

आता माझा मुख्य मुद्दा. सर्वसाधारण समज असा की हे विषय इंग्रजीतच स्पष्ट होतात, मराठी फार तर सोय म्हणून. मला उलटे दिसले. इंग्रजी पानावर जी संदिग्धता झाकून राहते ती मराठी वाक्य लिहायला घेतल्यावर उघडी पडते.

‘एमव्ही’ ही आज्ञा घ्या. तिला दोन नावे द्यायची, ‘अ’ आणि ‘ब’. पहिले मूळ, दुसरे गंतव्य, असे पान सांगते. मराठीत लिहायला बसलो की ‘ब’ला काहीतरी जोडावेच लागते. ‘अ’चे नाव ‘ब’ असे ठेवते? की ‘अ’ला ‘ब’मध्ये नेते? दोन्ही खरे. ‘ब’ नावाचे फोल्डर असेल तर ‘अ’ त्याच्या आत जाते. नसेल तर ‘अ’चे नाव ‘ब’ होते. आणि ‘ब’ नावाची फाइलच आधी असेल तर साधारणपणे न विचारता तिच्या जागी ‘अ’ येते आणि जुनी ‘ब’ जाते. एका सूत्रात तीन वेगळी वाक्ये लपली होती. इंग्रजीत पदांच्या क्रमावर भागते, म्हणून ती लपली. मराठीत प्रत्यय साक्ष मागतो.

आज्ञा लिहिणाऱ्यांनाही ही उणीव जाणवली असावी. या आज्ञेच्या ग्नू आवृत्तीत ‘टी’ हा पर्याय आहे. त्याच्या पुढे जे नाव येईल ते न्यायच्या फोल्डराचेच, असे त्याने पक्के होते. शाळेतल्या भाषेत बोलायचे तर तो सप्तमीचा प्रत्यय आहे. त्याहून जुनी ‘डीडी’ ही आज्ञा तर प्रत्ययांवरच चालते. तिथे ‘आयएफ’ला जोडलेले नाव म्हणजे जिथून वाचायचे ती फाइल, ‘ओएफ’ला जोडलेले म्हणजे जिथे लिहायचे ती. क्रम उलटा केला तरी अर्थ बदलत नाही, जसे ‘विहिरीतून हंड्यात पाणी ओत’ आणि ‘हंड्यात विहिरीतून पाणी ओत’. मात्र ‘आय’ आणि ‘ओ’ यांची अदलाबदल झाली की भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क उतरू शकते. मराठी पुस्तिकेने इथे ‘इनपुट फाइल’, ‘आउटपुट फाइल’ असे लिहून थांबू नये. ‘-तून’ आणि ‘-वर’ हे प्रत्यय ठळक छापावेत.

आणखी एक उदाहरण आमच्या भूमीतले. ‘आरएम’चे भाषांतर कुणी ‘हटवा’ करतात, कुणी ‘पुसा’, कुणी ‘नष्ट करा’. खरे पाहता ती आज्ञा फाइल पुसत नाही. ती नोंदवहीतून फाइलीचे नाव कमी करते. एकाच फाइलीला अनेक नावे असू शकतात. एक कमी केले तरी दुसऱ्या नावाने ती राहते. शेवटचे नाव कमी झाले, आणि कोणताही कार्यक्रम ती उघडून बसलेला नसला, की जागा मोकळी होते. हे मला इंग्रजीतून समजायला महिना लागला असेल. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या त्यांतल्या कुठल्याही घरात ते एका वाक्यात कळेल : सातबाऱ्यावरचे नाव कमी होते, गट तिथेच असतो. फाइलीलाही असाच गट क्रमांक असतो. त्याला इंग्रजीत ‘आयनोड’ म्हणतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वर्षानुवर्षे कागद सांभाळलेल्या माणसाला नाव आणि जमीन यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या पुस्तिकांनी ‘नाव कमी करते’ हे तयार मराठी सोडून ‘हटवा’ का घेतले असेल? लिहिणाऱ्याने पर्यायी शब्द शोधला. काय घडते ते विचारले नाही.

टपरीवरचे भाष्य

मग मराठीत हे भाष्य कुठेच नाही का? आहे. महापे-घणसोलीच्या पट्ट्यात दुपारी चहाच्या टपरीवर उभे राहावे. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला जुना मुलगा नव्याला सांगत असतो, ‘अरे, आरएम मारलंस की गेलं. कचरापेटीत नाही जात. आणि स्टारच्या आधी स्पेस पडलीय का बघत जा. परवा एकानं अख्खं फोल्डर उडवलं.’

हे बोलणे नीट ऐकावे. पहिल्या वाक्यात आज्ञा आणि तिचा परिणाम. दुसऱ्यात वाचकाच्या मनात असलेली चुकीची समजूत खोडली. तिसऱ्यात सावधगिरी, चौथ्यात प्रत्युदाहरण. इंग्रजी शब्द मराठी क्रियापदांत बसवले आहेत : मारणे, पडणे, उडवणे. एका दमात पतंजलीच्या तिन्ही कसोट्या उतरल्या. ही मुले घरी आपल्याला मराठी नीट येत नाही म्हणतात. लिहायला सांगितले तर हीच मुले ‘सदर आज्ञा फाइल हटविण्याकरिता वापरण्यात येते’ असे लिहितील, आणि त्या वाक्यात कचरापेटीही नसेल, स्पेसही नसेल. अशी वाक्ये लेखी मराठीत आपणच त्यांना शिकवली.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला : या आज्ञा वापरणाऱ्याला इंग्रजी येतेच, मग मराठी पान कशाला? वापरणाऱ्यांत फक्त अभियंते नसतात. लहान छापखाने, ग्रंथालये, हिशेबनीस आणि माझ्यासारखे हौशी संग्राहकही असतात. शिवाय इंग्रजी वाचता येणे आणि मध्यरात्री थकलेल्या डोक्याने इंग्रजी सूत्रातला धोका ओळखता येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज्ञा बदलतात, त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतात, आणि शिळे झालेले मराठी पान नसलेल्या पानाहून घातक. हे खरे आहे. म्हणून मी शेकडो पानांच्या भाषांतराची मागणी करत नाही. ज्या आज्ञांनी गेलेले परत येत नाही अशा दहा-बारा घ्याव्यात, त्यांची पाने भाषांतर न करता मराठीतच लिहावीत, आणि प्रत्येक पानावर ते कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या दिवशी चालवून पाहिले ते छापावे.

नमुन्यादाखल माझे एक पान देतो.

टार : अनेक फाइलींचे एक गाठोडे बांधते, किंवा बांधलेले गाठोडे सोडते.
अक्षरे : ‘सी’ म्हणजे बांधायचे. ‘एक्स’ म्हणजे सोडायचे. ‘टी’ म्हणजे न सोडता आत काय आहे ते पाहायचे. ‘एफ’ म्हणजे लगेच पुढे गाठोड्याचे नाव येत आहे.
काही न सांगितल्यास : गाठोडे बांधताना त्या नावाची फाइल आधीच असेल तर आज्ञा विचारत नाही. जुनी फाइल जाते, तिच्या जागी गाठोडे येते.
उदाहरण : ‘टार’, आडवी रेघ आणि ‘सीएफ’, मग ‘गाठोडे’, ‘धवले’, ‘उखाणे’. ‘धवले’ आणि ‘उखाणे’ या फाइली ‘गाठोडे’ या नावाखाली बांधल्या जातात. मूळ फाइली जागेवर राहतात.
प्रत्युदाहरण १ : तेच, पण ‘गाठोडे’ हे नाव लिहायचे राहिले. आता ‘धवले’ हेच गाठोड्याचे नाव होते. ‘धवले’ फाइल बांधली जात नाही, जाते.
प्रत्युदाहरण २ : आडवी रेघ देऊन ‘सीएफझेड’ असे लिहिले. ‘एफ’च्या लगेच पुढे ‘झेड’ आल्यामुळे गाठोड्याचे नाव ‘झेड’ होते. ‘एफ’ नेहमी शेवटी लिहावा.

हे पान काही थोर लेखन नाही. वाशीच्या त्या पुस्तिकेपेक्षा ते सात-आठ ओळींनी मोठे आहे, एवढेच. त्या सात-आठ ओळींची किंमत मला ठाऊक आहे.

अकरा धवल्यांच्या आता तीन ठिकाणी प्रती आहेत, त्यांतली एक कागदावर. धवलारणीच्या सुनेला गेलेल्या छत्तिसांपैकी काहींच्या पहिल्या ओळी आठवतात. त्या मी वहीत उतरवून घेतल्या आहेत, आणि टंकून झाल्यावरही ती वही ठेवली आहे.